गावकीच्या टोपांचं परराष्ट्र धोरण

मु. पो. टोकावडे, ता. मुरबाड
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. भूमिकास देवरामकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुझ्याशी बोलायला लागलो की तुझी काकू तो ओढून घेते, तू जेवलीस का एवढंच विचारते आणि मुद्दा राहतो. मुद्दा असा, की तू दिल्लीला परराष्ट्र खात्यात लागलीस आणि कुठल्या देशाला किती मदत द्यायची त्याचा तक्ता करतेस, हे मी गावकीच्या बैठकीत छाती फुगवून सांगितलं. तर धाऊने विचारलं, की आपल्याला वैशाखात प्यायला पाणी नाय नि तुमची पुतणी भूतानला धरणं वाटते, हे कसं काय? वीस वर्षं गावकीची लग्नाची भांडी माझ्या ताब्यात आहेत, कोणाला द्यायची ते मी ठरवतो, आणि वाटपाच्याच प्रश्नावर माझी दातखीळ बसली.

आपल्या अक्षदाचं लग्न ११ मेला ठरलं. तेव्हा आपली विहीर आटलेली असते. ओढ्यापलीकडे धोंडीबाईच्या वाडीतली विहीर तेवढी टिकते आणि दरसाल तीच आपल्याला पाजते. मुलीच्या लग्नात पाण्यावाचून नाक कापलं जाऊ नये, एवढा एकच घोर आहे.

तर सरकार हे कसं ठरवतं ते सविस्तर कळव. काकूच्या वतीने विचारतो, जेवतेस ना?

तुझा,
देवरामकाका


नवी दिल्ली
दि. ४ मार्च २०२५

तीर्थस्वरूप देवरामकाकांस भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

जेवते. आणि मी काही वाटत नाही हो. रकाने भरते आणि बेरीज चुकली की बोलणी खाते.

पद्धत अशी आहे. एकेका देशाचं काम बघणारे अधिकारी आपापली मागणी पाठवतात आणि त्या देशात आपली सासुरवाडी असल्यासारखे भांडतात. आधी चालू कामांचे पैसे बाजूला निघतात, कारण अर्ध्या पुलाचे आभार कोणी मानत नाही. गेल्या वर्षीचे पैसे ज्यांना खर्चता आले नाहीत, त्यांना कात्री लागते. थोडं भूकंप-पुरासाठी राखून ठेवतात. या सगळ्यात शेजारी आधी. भूतानचा वाटा मोठा असतो, पण तिथल्या धरणांची वीज आपणच घेतो, हे धाऊकाकांना सांगा. शेजारी दुखावला तर ते मदतीपेक्षा महाग पडतं, असं आमचे साहेब म्हणतात. कधीमधी एखाद्या लांबच्या बेटालाही दोन रुग्णवाहिका जातात, कारण जगाच्या सभेत त्याचंही एक मत असतं.

लग्नासाठी रजा मागितली आहे. साहेब बघू म्हणाले, म्हणजे कठीणच आहे. काकूला नमस्कार, अक्षदाला गालगुच्चा.

आपली लाडकी,
भूमिका


टोकावडे
दि. १२ एप्रिल २०२५

चि. भूमिकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गावकीत मोठ्याने वाचलं. बेटाची गोष्ट सगळ्यांना फार पटली आणि मी ती लगेच अमलातही आणली.

झालं असं, की येत्या २० तारखेला धोंडीबाईच्या नातीचं, रुपालीचं लग्न आहे. भांडी मागायला म्हातारी स्वतः आली. त्याच दिवशी शहापूरच्या एका पुढाऱ्याची घरभरणी. त्यांचाही निरोप आला. मोठे टोप दोनच, पराती आठ. दोघांना पुरणार कशा? पुढाऱ्याने अक्षदाच्या लग्नाला पाण्याचे दोन टँकर पाठवायचा शब्द दिला. मी भांडी शहापूरला कबूल केली. धोंडीबाई नुसतं बरं म्हणाली आणि गेली. शेजारी काय, जातो कुठे?

तुझी काकू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. घरात शांतता आहे, हाही फायदाच म्हणायचा.

धोरणी काकाचे आशीर्वाद असू देत,
देवराम


नवी दिल्ली
दि. २२ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप काकांस शि. सा. न. वि. वि.

काका, एवढ्या मोठ्या पत्रातून तुम्ही नेमकी बेटाची ओळ उचललीत? बेटाला आपण दोन रुग्णवाहिका देतो. शेजाऱ्याच्या तोंडचा घास काढून देत नाही. तुमचं पत्र वाचून मला ऑफिसात रडू आलं. लहानपणी मी तापाने फणफणले होते तेव्हा धोंडीबाईनेच रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या होत्या.

पत्र मिळताच ओढा ओलांडा आणि माफी मागा. रजा नामंजूर झाली, त्यामुळे तुम्हाला ढकलत न्यायला मी येऊ शकत नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
भूमिका


टोकावडे
दि. १४ मे २०२५

चि. भूमिकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

लग्न नीट पार पडलं. कसं, ते ऐक.

माफी मागायला मी गेलो नाही. तुझं पत्र खिशात घालून तीनदा ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. हळदीच्या दिवशी टँकर सकाळी निघाला होता, दुपारी फाट्यावर होता, आणि मग पुढाऱ्याचा फोनच बंद झाला. मांडवात तीनशे माणूस, पिंपं कोरडी. अक्षदा हळद लावून बसलेली, माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तिनाच्या सुमाराला ओढ्याकडून बायांची रांग आली. डोक्यावर दोन-दोन हंडे, पुढे धोंडीबाई, मागे वाडीतली भिमी, आणि हातातला हिरवा चुडाही न उतरवलेली रुपाली. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पिंपं भरली, दुसऱ्या दिवशीही भरली. मी मांडवामागे जाऊन रडलो, तुझ्यापासून काय लपवू? हात जोडले तर म्हातारी म्हणाली, की पोरीच्या हळदीत कसला आलाय राग. टोप नव्हतं तर आमी सा घरची पातेली लावली, भात शिजायचा तो शिजला.

काल गावकी बसवली. सगळ्यांच्या संमतीने भांडी गावातल्या प्रज्वलच्या टेम्पोत घातली आणि ओढ्यापलीकडे धोंडीबाईच्या पडवीत नेऊन ठेवली. कुलूपकिल्लीही तिलाच दिली. धाऊने विचारलं, आता आपल्याकडे लग्न निघालं तर? मी म्हटलं, तर आपण मागायला जायचं.

पहिला मीच गेलो. परवा जावयाच्या हातून सत्यनारायण आहे, एक टोप हवा होता. तिने विचारलं, माणूस किती? वीस वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न खाटेवर बसून विचारला. काल पडवीखाली उभा राहून, टोपी हातात घेऊन, त्याचं उत्तर दिलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
तुझा देवरामकाका