आत्याला कर्ज हवंय

३ फेब्रुवारी
साठी उलटल्यावर माणसं कर्ज का काढतात? साहेबांनी टिपण मागितलंय. मी घरातली पहिली पदवीधर, पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते, आणि मला सांगता येत नाही. ‘आजारपण’ लिहिलं. खोडलं.

४ फेब्रुवारी
ज्येष्ठांना कर्जापासून वाचवायचं ठरवलं. पहिलं गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमन.
"काका, तुमची ठेव आहे की इथं. ती मोडा, व्याज वाचेल."
"ठेव मोडली की जावयाला वास लागतो. हप्ते चालू आहेत म्हटलं, की तोच चहा पाजतो."
मग एक बाई. दात बसवायचेत. मुलगा चांगला कमावता. "त्याचे पैसे घेतले तर घासाघासाला आठवण करून देईल."
वाचवणं बंद.

९ फेब्रुवारी
आज रांगेत आत्या! बाबांची थोरली बहीण, आतोबा गेल्यापासून आमच्याकडेच असते. ओळखसुद्धा दाखवली नाही. म्हणाली, भाड्याची खोली बघितलीय, पलीकडच्या गल्लीत. डिपॉझिटसाठी कर्ज हवंय.
घरी विचारलं, "आमच्यात तुला काय कमी आहे गं?"
"झोप. माझ्या अंथरुणावर बसून अख्खं घर टीव्ही बघतं. तुझ्या बापाच्या बातम्या संपल्या की मी आडवी होणार. मला भर दुपारी झोपायचंय, आतून कडी लावून."
"मग बाबांकडेच माग ना पैसे."
"त्याला कारण सांगावं लागेल. मग तो रडेल. मग मला राहावं लागेल. तुमच्या साहेबाला नुसतं व्याज लागतं."
पेन्शनमधून हप्ता निघतो. फक्त जामीन हवा, पगारदार. तिच्या ओळखीत पगारदार दोघंच — बाबा आणि मी.

११ फेब्रुवारी
खोलीचं आत्याने बाबांना स्वतःच सांगितलं, कारण तेवढं सोडून. तिला ते ‘बघू’ म्हणाले. मला मात्र गॅलरीत नेलं.
"अक्का वेगळी राहिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तू आहेस ना तिथं? अडव तो अर्ज. एवढं शिकवलं कशाला तुला?"

१२ फेब्रुवारी
आत्याच्या दिवाणावर बसवेना. टीव्ही उभ्यानेच बघितला. आई म्हणाली, "गळू झालंय का?"

१३ फेब्रुवारी
घरचा अर्ज म्हणून दुसऱ्या टेबलावर दिला. जामीनदाराच्या जागी मी सही केली. बाबांना सांगितलंय — त्यांचं जेवण झाल्यावर, उगाच भाजी वाया नको.