टनामागे वाफ

३ मार्च
आमच्या दूधपावडरीच्या प्लांटमध्ये ऊर्जा अधिकाऱ्याची जागा निघतेय. केबिनसकट! मॅनेजर म्हणाले, टनभर पावडरीमागे किती वाफ लागते ते मोज, महिन्यात कमी करून दाखव, मग बघू. म्हणजे जागा माझीच. बायकोला तसं सांगून टाकलं. तिने लगेच सासऱ्यांना फोन लावला.

५ मार्च
सकाळी सहाला मीटर वाचायचा होता. नाही जमलं. दुपारचं रीडिंग जास्त शांत असतं.

१० मार्च
बॉयलरवाला म्हणतो, गळके पाइप आधी दुरुस्त करा. किरकोळ कामं! मला मुळावरच घाव घालायचाय.

१४ मार्च
घातला. पावडर सुकवणाऱ्या ड्रायरचा स्टीम व्हॉल्व्ह हळूच कमी केला. कोणाला बोललो नाही. श्रेयाला वाटेकरी फार.

१५ मार्च
कमाल! वाफ कमी झालीच, वर तेवढ्याच दुधातून पावडर जास्त वजनाची निघाली. भागाकार इतका सुंदर आला की दोनदा केला. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, पावडर ओली राहतेय का? त्यांचं ओलावा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, त्यामुळे बिचाऱ्या नुसत्या शंका काढतात. जळतात लोक.

२० मार्च
व्हॉल्व्ह अजून थोडा. मॅनेजरांनी पाठ थोपटली. सासरे पहिल्यांदाच मला 'साहेब' म्हणाले. घरी व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर तयार केला.

२७ मार्च
गिऱ्हाइकांचे फोन. पोत्यांत पावडरीचे दगड झालेत म्हणे. यांची गोदामं दमट, नाव आमचं खराब.

२९ मार्च
पोती परत. मॅनेजरांनी विचारलं, व्हॉल्व्हला हात कोणी लावला? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाढलेलं वजन पाण्याचं होतं, असं ते म्हणाले. बरंच मोठ्याने म्हणाले. तांत्रिक चर्चेत आवाज चढतोच.

३१ मार्च
जागा लॅबवाल्या बाईंना मिळाली. बायको एवढंच म्हणाली, बाबांना आता तुम्हीच सांगा. फार वाईट वाटलं. जेवलो नाही. म्हणजे, नंतर जेवलो.

२ एप्रिल
गुरांच्या खाद्यासाठी पावडरीचे दगड लाकडी हातोड्याने फोडायचं काम माझ्याकडे आलंय. खांदे भरून आलेत. मॅनेजर येऊन बघून गेले. म्हणाले, या कामाला वाफ अजिबात लागत नाही.
पटलं एकदाचं त्यांना.