लाखेचं सील

बाबा, परवा इथल्या एका म्युझियममध्ये मी भर सभेत तुमचं हसं करून आले. ओघात झालं नाही, मुद्दाम केलं. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत एकेक जण उठून सांगत होता, शिस्तीचा माणूस, निर्व्यसनी माणूस, आणि मी आईशेजारी मान खाली घालून बसले होते. तेव्हा गिळलेलं सगळं परवा बाहेर काढलं, तेही जर्मनमध्ये. तुम्ही समोर असतात तरी मध्येच "पुरे" म्हणून मला गप्प करता आलं नसतं.

फ्रँकफुर्टला कार्यक्रम होता. आयर्लंड सोडून अमेरिकेत गेलेल्या लोकांचं संगीत आणि तिथल्या दारूबंदीच्या काळाचा इतिहास. पोस्टरवर व्हायोलिन दिसलं म्हणून आमच्या एश्बॉर्न गावाहून एस-बानची लोकल धरून मी लेकीला घेऊन गेले. पांढऱ्या दाढीचा एक आयरिश वादक होता. इतकं उडतं वाजवत होता की खुर्च्यांखाली सगळ्यांचे पाय हलायला लागले. मधेमधे म्युझियमच्या बाई चित्रं दाखवून माहिती सांगत होत्या. गुत्ते बंद झाले तशी ही गाणी बंद दारांआड गेली, दारू चहाच्या कपातून दिली जायची, वगैरे. मग एक फोटो आला. टोपीवाले अधिकारी रस्त्यात दारूची पिंपं ओतताहेत. बाई म्हणाल्या, यांच्यातलेच काही जण घरी जाऊन जप्त केलेली बाटली उघडत. लोक हसले. मला हसू आलं नाही, मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं.

तुम्ही दारू पकडणारे साहेब. बाटलीच्या तोंडावर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख आणि लाखेवर पितळी शिक्का. असा सीलबंद मुद्देमाल तुम्ही पिशवीतून घरी घेऊन येता. "आधी खिडकी लाव," आईला सांगता. मग सील फोडता आणि अर्धी बाटली संपवता. तोवर आईने बिनदुधाचा चहा उकळून गार करून ठेवलेला असतो, रंग जुळेल असा. तो बाटलीत भरायचा, गॅसवर लाख वितळवायची, पुन्हा शिक्का. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांनासुद्धा लाखेचा वास यायचा. आणि तुम्ही कडक इस्त्रीच्या कपड्यांत, भांग पाडून कोर्टात साक्ष द्यायला जायचात.

व्हायोलिन तुम्हीच आणून दिलं होतंत, मी दहावी झाले म्हणून. दोन वर्षांनी एका हॉटेलातल्या पार्टीत मी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं आणि ते तुमच्या कानावर गेलं. "दारू पिणाऱ्यांपुढे माझी मुलगी वाजवणार?" एवढंच बोललात. आवाजसुद्धा चढवला नाहीत. व्हायोलिनच्या पेटीला सुतळी बांधलीत, गाठीवर लाख ओतलीत आणि शिक्का मारलात. "हे सील फुटलेलं दिसलं तर या घरात पाय ठेवायचा नाही." हे म्हणताना तुमच्या तोंडाला कसला वास येत होता, ते मी वेगळं सांगायला नको. पुढे दर दसऱ्याला आई त्या बंद पेटीवरच झेंडूचं फूल वाहायची. लग्नानंतर मी ती पेटी इकडे आणली.

तर म्युझियमच्या बाईंनी विचारलं, तुमच्यापैकी कुणी अशी दारूबंदी घरात पाहिली आहे का? मी हात वर केला आणि सगळं सांगितलं. फडकं, सुतळी, शिक्का, चहा. चहाला तर टाळ्या पडल्या. तुमची ती ऐट अनोळखी लोकांसमोर उघडी पडली आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही जे केलंत त्याच्या मानाने ही शिक्षा फारच थोडी होती. हातात असतं तर आणखी दिली असती.

मग त्या वादकाने विचारलं, "आल्झो, मग तुमचं व्हायोलिन? फोडलंत ना सील?"

"या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी, असं मी म्हणाले, "लग्न झालं त्याच आठवड्यात."

पुन्हा टाळ्या. त्याने स्वतःचं व्हायोलिन माझ्यापुढे धरलं. बोट दुखतंय म्हणून मी टाळलं.

परतीच्या गाडीत लेक जर्मनमध्ये हळूच म्हणाली, "आई, पण ती पेटी तर अजून बंदच आहे. कपाटावर." मी काहीतरी भलतंच बोलून विषय बदलला.

आज रविवार. सकाळी तिने स्टुलावर चढून पेटी खाली काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली. लाखेला तडे गेलेत, शिक्का मात्र अजून वाचता येतो. सुरी घेऊन ती माझ्याकडे बघत उभी राहिली. "सॉल इश?" म्हणजे, फोडू का? हे पत्र तिच्यासमोरच लिहिते आहे. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण आता जे सांगणार आहे ते वाचून तुम्हाला आनंदच झाला असता. परवापासून मी समजत होते की तुमचा सूड पुरता घेऊन झाला. आता फक्त "फोड" म्हणायचं होतं. बाहेर लख्ख ऊन आहे. या बिल्डिंगमध्ये तुम्हाला ओळखणारं कुणी नाही, आणि लाखेचा वास कसला असतो हेही कुणाला माहीत नाही. मी तोंड उघडलं आणि लेकीला म्हणाले, "आधी खिडकी लाव."