परत आलेला डबा

१९ सप्टेंबर, गुरुवार

नापास! लिव्हर द्यायला मी नापास!

चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस मी. दारूला कधी शिवलो नाही, तंबाखूचा नाद नाही. आणि पुण्याचे ते डॉक्टर रिपोर्ट समोर धरून शांतपणे सांगतात — "तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. पंचवीस टक्क्यांच्या पुढं. यातला तुकडा आईंना लावला तर तो चालेल याची खात्री नाही, आणि तुमच्याही जिवाला धोका."

मी म्हणालो, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट आला असेल. त्यांनी नाव वाचून दाखवलं. कृष्णराज बलभीम. माझाच.

"बाहेरचं किती खाता?"

"कधीतरी."

राजेश्वरी शेजारीच उभी होती, आईची फाईल छातीशी धरून. बायको आहे, तिला सगळं माहीत आहे. पण तिनं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मीच तिथं भडकलो असतो.

आईचं लिव्हर गेलंय. तिनं जन्मात बाहेरचा चहासुद्धा घेतला नाही! तिचा आजार वेगळाच, शरीर आपल्याच लिव्हरवर उलटलंय म्हणे. रक्तगट ओ. धाकट्या बहिणीचा, आरोहीचा, ए निघाला. माझा ओ. डॉक्टरांनी विचारलं, "घरात अजून कुणी?" मी म्हणालो, "नाही. मी एकटाच."

मग त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली. चरबी दहाच्या खाली आणा, मग बघू. मेलेल्या माणसाचं मिळतं त्या यादीतही आईचं नाव घातलंय, पण यादीच्या भरवशावर राहू नका म्हणाले.

आईला एवढंच सांगितलं, थोडं वजन उतरवायचंय. ती म्हणते, "माझ्यापायी उपाशी न्हाऊ नको रे. आधीच लई वाळलास." वाळलोय! ब्याण्णव किलो!

२१ सप्टेंबर, शनिवार

लोकांना सांगणं सोपं — बाहेरचं बंद करा. माझं पोटच बाहेर आहे!

मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. रोज सकाळी दहाला निघायचं आणि धाराशिवच्या स्टँडपासून सुरुवात करून दुकान-दुकान, गाडी-गाडी फिरायचं. पन्नास, शंभर, जे देतील ते मशिनमध्ये टाकायचं, पावती द्यायची. माझे निम्मे खातेदार गाडीवाले. वडापाववाला, पाणीपुरीवाला, बर्गरवाला, मुजीबची चायनीजची गाडी. गर्दीत त्यांना गल्ल्यात हात घालायला वेळ नसतो. मग, "बसा साहेब, तोवर हे घ्या." प्लेट येते. माणूस रोज आपल्या हातात विश्वासानं पैसे ठेवतो, त्याची प्लेट कशी ढकलायची? आणि फुकट खायचं नाही हा माझा नियम. म्हणजे प्रत्येक ठिकाणी फोन काढून पैसेही मीच देतो. नियम पाळला म्हणून उगाच ताठ मानेनं फिरत होतो इतकी वर्षं.

राजेश्वरी सकाळी डबा देते. भाकरी, भाजी, शेंगाची चटणी, कधी मटकीची उसळ. पण अकराला स्टँडवर वडापाव झालेला असतो. डबा तसाच घरी येतो. ती विचारायची, आता विचारतही नाही. म्हणते, "ठेवा तिथं. मी खाते. अन्न टाकायचं न्हाय."

आज डबा संपवला. सगळा. आणि संध्याकाळी मुजीबच्या गाडीवर हाफ मंच्युरियनही खाल्लं. हाफच.

२४ सप्टेंबर

आरोही लातूरहून आलीय. ऑपरेशनच्या पैशांचं बोलणं झालं. बेंबळीतली जागा विकायची ठरलं. मग तिनं विचारलं, "दादा, आईची मेडिक्लेमची पॉलिसी होती ना?"

होती. दोन वर्षांपूर्वी मीच बंद पाडली. हप्ता परवडत नव्हता.

तिनं माझा फोन घेतला आणि पैसे पाठवल्याची यादी खाली-खाली सरकवत बसली. चायनीज, भेळ, रोल, चायनीज, कोल्ड्रिंक. मग म्हणाली, "गाड्यांवर वर्षाला गेले तेवढ्यात आईचा हप्ता बसून वर उरले असते." मी फोन हिसकावून घेतला. म्हणालो, तू तुझ्या घरचं बघ. ती रडली. मला स्वतःचीच चीड आली होती, निघाली तिच्यावर.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

आजपासून देवीचे नऊ दिवस. भवानीआईला साकडं घातलंय — आईला वाचव. नऊ दिवस उपवास, पायात चप्पल नाही. पहाटे गल्लीतली पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत आली, त्यांच्यासोबत शेवटचा टप्पा मीही पळालो. छातीचा भाता झाला, पण थांबलो नाही. ज्योत चौकात आली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, आता होणार! नऊ दिवस कडक उपवास म्हणजे चरबी वितळणारच. एका दगडात दोन पक्षी.

६ ऑक्टोबर

उपवास छान चाललाय. गाडीवाल्यांनाही कळलंय, कुणी आग्रह करत नाही. उलट स्टँडसमोर उपवासाचे पदार्थ मिळतात, तिथं माझी सोय झाली. साबुदाणा वडा, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, सोबत केळी. घरी खिचडी आहेच.

राजेश्वरी म्हणाली, "नुसती भगर आन् ताक घेतलं तर? खिचडीत लई तूप, शेंगदाणे—"

मी म्हणालो, देवीच्या उपवासात मधे बोलायचं नाही. आईनंही अंथरुणातून री ओढली, "सूनबाई, उपासाला नावं ठिवू नये." राजेश्वरीनं निमूटपणे खिचडी वाढली.

१० ऑक्टोबर

तळपाय फुटलेत. पण मन हलकं आहे. मधे वजन केलं नाही. एकदम दसऱ्यानंतर करणार.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पंच्याण्णव!

तीन किलो वाढलं. उपवास करून वाढलं! इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय खाल्लंत? मी सांगत गेलो, त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, नऊ दिवस तुम्ही पिष्टमय आणि तळलेलंच खाल्लंत. हे आणि गाडीवरचं, तुमच्या लिव्हरला काय फरक कळतो?"

मला हसावं की रडावं कळेना. देवीच्या नावानं खाल्लं ना मी! श्रद्धेनं, हात जोडून खाल्लं. अनवाणी चालत जाऊन खाल्लं. मुदतीतला जवळजवळ महिना हातचा गेला.

राजेश्वरी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर

काल मुजीबला सगळं सांगितलं. कढई बंद करून ऐकत होता. म्हणाला, "भाऊ, तुम्ही मला सांगायचं ना! मी पागल, रोज प्लेट पुढं करत होतो." मग म्हणाला, "उद्यापासून तुम्ही इकडं यायचं नाही. मीच दुपारी घरी येऊन पैसे देतो. बाकीच्यांचंबी मी बघतो. अम्मी आहे ती, मजाक आहे का?"

आज तो खरंच आला, पाच-सहा जणांचे पैसे घेऊन, नावं सांगत. घरी पाणी प्याला आणि आईच्या पाया पडून गेला.

२३ ऑक्टोबर

पहाटे चालतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. साखर बंद. संध्याकाळी पाच वाजले की जीव कासावीस होतो. अंगाला कंप सुटतो. दारुड्यासारखं! एवढ्या तेवढ्यावरून राजेश्वरीच्या अंगावर ओरडतो. नाक्यावरून येणारा तेलाचा वास घरात घुसतो, खिडकी लावून घेतो. पण वजन उतरतंय. नव्वद.

२९ ऑक्टोबर

आईचे डोळे हळदीसारखे झालेत. पोटात पाणी झालंय. पुण्याला हलवलं. सोबत राजेश्वरी राहणार. मी म्हणालो, आरोहीला राहू दे, तू दिवाळीला घरी ये. ती म्हणाली, "मी राहते. तुम्ही फक्त तुमचं खाणं सांभाळा."

जाताना पीठ, डाळी, चटण्या, सगळं डब्यांत भरून, नावं चिकटवून गेलीय.

१ नोव्हेंबर

आज लक्ष्मीपूजन. घरात मी एकटा. भाकरी थापली, तिचे चार तुकडे झाले. तीच खाल्ली. शेजाऱ्यांनी चकल्या, करंज्या आणून दिल्या, तशाच ताटासकट वॉचमनला दिल्या. खातेदारांकडून कुंथलगिरीच्या पेढ्यांचे तीन बॉक्स आले, तेही वाटून टाकले. शेवटचा बॉक्स दिल्यावर पेढ्याला लागलेल्या बोटांचा वास घेतला. इतका लाचार झालोय.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहू नये असं वाटतं. पण दुसरं कुणाला सांगू?

काल पुण्याला गेलो. आईला रक्ताची उलटी झाली. माझ्यासमोर. पळापळ झाली, तिला आयसीयूत नेलं, राजेश्वरी दाराशी उभी राहिली. मी म्हणालो, औषधं आणतो. खाली उतरलो. हॉस्पिटलच्या गेटाबाहेर चायनीजची गाडी होती. किती खाल्लं ते आठवत नाही. उभ्या-उभ्या, तोंड भाजेपर्यंत खात होतो. भूक नव्हती. भीती होती. खाताना भीती वाटत नव्हती, एवढंच.

वर गेलो. राजेश्वरीनं माझ्या शर्टावरचा सॉसचा लाल डाग बघितला. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि तो पुसला. मग म्हणाली, "आत्याबाई शुद्धीवर आल्यात. तुम्हाला बोलावतात."

आई म्हणाली, "जेवलास का रं?"

मी हो म्हणालो. मला स्वतःची किळस आली.

६ नोव्हेंबर

त्यानंतर बाहेरचा घास नाही. शपथ वगैरे घेतली नाही. शपथांचं काय होतं ते नवरात्रात बघितलं.

११ नोव्हेंबर

राजेश्वरीला फोन केला, उचलला नाही. नंतर म्हणाली, खाली रक्त तपासायला गेले होते. आईचं, मी समजलो. आवाज थकलेला वाटला. दोन आठवडे खुर्चीवर झोपायची वेळ आल्यावर कुणीही थकेल. मी नीट खातेस का विचारलं. ती हसली. म्हणाली, "आता तुम्ही विचारायला लागलात!"

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा स्कॅन. पंधरा टक्के.

वजन चौऱ्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, तुम्ही खरंच मेहनत घेतली. अजून महिनाभर असंच चाललं तर नक्की दहाच्या खाली येईल. मी विचारलं, आईकडं महिना आहे? त्यांनी चष्मा काढून पुसला.

महिना. नवरात्रात घालवला तेवढाच! तो असता तर मी आज पास झालो असतो. हातात असलेला महिना मी वड्यांसोबत खाल्ला.

राजेश्वरीला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. भिंतीला टेकून रडलो, लोक बघत होते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही घरी जा. चालणं सोडू नका. मी बघते." तू काय बघणार, असं मी म्हणालो. मग एसटी पकडली.

१९ नोव्हेंबर

पहाटे चाललो. कशासाठी ते माहीत नाही.

२० नोव्हेंबर

आरोहीचा फोन. "दादा, उद्या पुण्याला ये. आधार कार्ड आण. लग्नाचा दाखला आण, फोटो पण." मी विचारलं, आई—? "आई आहे. तू ये. वैनीनं बोलावलंय." पुढं काही सांगेना. लग्नाचा दाखला कशाला? कपाट उपसून काढला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

राजेश्वरी देतेय.

तिचा रक्तगटही ओ. दिवाळीपासून आईच्या उशाशी बसून एकेक तपासणी करत होती. सगळ्यांत पास. डॉक्टर म्हणाले, लिव्हर एकदम स्वच्छ, काय खाता तुम्ही? ती म्हणाली, "ह्यांचा डबा."

सून जवळच्या नात्यात धरत नाहीत, म्हणून कमिटीपुढं जावं लागलं. नवऱ्याची संमती लागते, म्हणून मला बोलावलं होतं. कमिटीतल्या बाईंनी तिला विचारलं, "घरातून कुणी दबाव आणला का?"

ती म्हणाली, "न्हाय हो. मला कुणी विचारलंच न्हाय."

मी शेजारीच बसलो होतो. सही करायला वाकलो, कागद सरकत होता. तिनं तो माझ्यासाठी दाबून धरला.