बोगदानच्या हातमोज्यातलं दही

रेगेन्सबर्ग, रविवार

हालिना विहीणबाईंना मालिनीचा नमस्कार.

मी चौथी शिकलेली, आणि तुम्हाला हे माझी सून, म्हणजे तुमची लेक यारिनाच फोनवर तुमच्या भाषेत वाचून दाखवणार, म्हणून सोपं लिहिते. तुमचा बोगदान खुशाल आहे. युद्धातून इथे जर्मनीत आल्यावर वर्षभर तो खोलीबाहेर पडत नव्हता, हे आम्ही तुम्हाला कळवलं नाही. मग यारिनाने त्याला इथल्या युक्रेनी पोरांच्या हौशी फुटबॉल लीगमध्ये ढकललं. गोलकीपर!

फोनवर तो तुम्हाला सांगतो ना, आम्ही जिंकतोय म्हणून? अहो, झाडून सगळ्या मॅच हरले! मला शपथ घातलीय, "मालिनीआई, मामाला काही सांगायचं नाही." तुमच्यात आईला मामा म्हणतात, मला आधी वाटलं कुणी मामाच आहे.

आज शेवटची मॅच. मैदानावर मी त्याच्या हातावर दहीसाखर ठेवली. खायची असते, हे सांगायचं राहिलंच! त्याने मूठ मिटली नि वर हातमोजा चढवला. पहिला गोल खाल्ल्यावर मोजा काढून बघतो तर सगळं चिकट. माझ्याकडे बघून हसला, विहीणबाई! मोठ्याने! आल्यापासून पहिल्यांदा.

चार-शून्य हरले. तरी पुढच्या वर्षासाठी पहिलं नाव त्यानेच दिलं, आणि घरी येऊन तीनदा भात मागितला.

एवढा आनंद तुम्हाला कसा कळवू? शपथ मोडवत नाही. एक मॅच जिंकू दे, की हे पत्र यारिनाच्या हाती देते.

तुमच्या लेकाला वाढणारी,
मालिनी