मांडवातली क्लॅरिनेट

जऊळका,
ता. ९ नोव्हेंबर २०२५

चि. वैभवी,

अनेक आशीर्वाद. आमी इकडे खुशाल आहो. सोयाबीन निंघालं, तूर फुलावर आहे. तुही माय तुह्या होणाऱ्या सासूसाठी, रिबेकाताईसाठी, कुरड्या बांधून राह्यली.

पोळ्याले तू पाठवलेला लग्नाचा बेत मी पुन्हा वाचला. डीजे नाई, सारं हातानं वाजवाचं, गळ्यानं गावाचं, हे मले लय आवडलं. मेंदीले ढोलकी ठेवजो. ज्यू लोकाईत नवरी मांडवात येते तवा नवरदेव समोर उभा राहून तिच्यासाठी गाते, हे मले ठाऊक नव्हतं. तुहा योनाथान त्यासाठी रोज रियाज करते म्हणतं. चांगलं पोरगं आहे. हे म्या दोन वर्षांआधीच बोलाले पायजे व्हतं.

"बाबा, मी पाऊल टाकलं की आधी तुमची क्लॅरिनेट, मंग त्याचं गाणं," असं तू लिवलं. त्याचं उत्तर म्या देल्लं नाई. महिनाभरापासून तुहे फोनही उचलले नाई. तुले वाटत असंन, धर्माबाहेर लग्न करते म्हणून "तुह्या लग्नात माही क्लॅरिनेट वाजणार नाई" असं बाबा साऱ्या गावासमोर बोलला, तेच पाळून राह्यला.

तसं नाई बाई.

रिबेकाताईनं फोनवर त्या गाण्याची चाल पाठवली, तवापासून रोज सकाळी वावरात जाऊन बसवत व्हतो. भाषा समजत नाई, सूर समजते. तुले हो म्हणाची लाज वाटे. म्हटलं, आधी चाल बसू दे, मंग कळवतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाजवता वाजवता ओठाच्या उजव्या बाजूनं हवा सुटाले लागली. मले वाटलं, क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती खराब झाली. पत्ती बदलली. तुही माय तुरीतून धावत आली न म्हणे, "अवो, तुमचं तोंड!"

वाशीमले नेलं. लकवा. हातपाय वाचले, अर्धं तोंड गेलं. डॉक्टर म्हणते, बोलणं सुधरन, फुंकणं इसरा. फोनवर काय बोलू? माहा बोबडा बोल तुले कसा आयकवू?

दुसरा क्लॅरिनेटवाला पाहून घे. चांगला पाहून घे. मले अखेरची ओळसुद्धा बसली व्हती. तुह्या मायशिवाय ते कोणी आयकली नाई.

योनाथानले घेऊन एकदा घरी ये. त्याले सांग, ते गाणं आमच्या आंगणात म्हण. मी आयकतो.

तुहं तोंड पाह्यणार नाई, असं म्या म्हटलं व्हतं. आता माहं तोंड तुले दाखवाले भेव वाटते. तरी लग्नाआधी ये, पोरी. साऱ्या पाहुण्याईत मले पैल्यांदा असं पाहू नको.

चुकलेला,
तुहा बाबा
उकंडराव