पाणी लागलं

३ एप्रिल
आले बाई एकदाची पळसदेवला! एक पत्र्याची पेटी, दोन बादल्या आणि चाळीस रिकाम्या बाटल्या. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, ताई, तेलाचं दुकान टाकताय का? काम पाण्याचंच आहे. धरणाचं पाणी, आसपासच्या विहिरी-बोअर आणि काठचा गाळ यांचे नमुने घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचे. प्रत्येक बाटलीची वहीत नोंद: कुठलं पाणी, किती वाजता, कशात भरलं, कुणी भरलं, सही. नोंदीच्या बाबतीत मी भलती खडूस आहे. तापानं फणफणले तरी ती चुकायची नाही.

खोली सरुबाईंच्या घरातली. म्हातारी एकटीच असते. दारातच बोअरवर हापसा, पाणी अगदी नितळ. सरुबाईंनी आल्या आल्या बजावलं, हे भांड्या-कपड्याला वापरायचं, प्यायला जारच विकत घ्यायचा. बरं म्हटलं.

संस्कृतीला आईकडे बारामतीला ठेवलंय. आठ वर्षांची पोर, पण निरोप देताना माझ्यापेक्षा शहाण्यासारखी वागली. सुट्टी लागली की माझा भाऊ लखन तिला इकडे आणून सोडेल. महिनाभर काढायचा, बस्स.

५ एप्रिल
माझ्याआधी या खोलीत ज्ञानेश नावाचा माणूस हेच काम करायचा. तो अर्ध्यात का गेला, असं सरुबाईंना विचारलं. म्हणाल्या, "त्यास्नी पाणी लागलं. गेलं गावाकडं." वा! रानात बोअर मारलं असणार, पाणी लागलं, नोकरीला रामराम! गड्याचं नशीब फळफळलं म्हणून मी खूप हसले.

११ एप्रिल
धरणाचं पाणी हटलंय, त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय. गेणबा होडीवाल्यांनी तिकडे नेलं. गाळ वरून करडा, वाळून भेगाळलेला. वीतभर उकरला तर काळाकुट्ट, आणि घासलेटसारखा वास. गेणबांचे हात माखले, पण त्यांनी ते पाण्यात धुतले नाहीत, धोतराला पुसले.

उन्हातून परत आले तर जार रिकामा. हापशाचं दोन ओंजळी प्यायले. दोनच. चव छान होती.

फोनवर संस्कृतीनं विचारलं, आई, तू तिथं कुणाशी बोलतेस गं? बाटल्यांशी, म्हटलं. ती हसली, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं. घरी एवढी माणसं आणि इथं ताटासमोर मी एकटी.

१७ एप्रिल
प्रयोगशाळेतून साहेबांचा फोन. सगळ्या नमुन्यांत सरुबाईंचं बोअर सर्वांत वाईट. क्रोमियम, शिसं, आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव त्यांनाही अजून लागलेलं नाही. तुम्ही पीत नाही ना, असं दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. खोटं बोलले. रोज पितेय. जारचं पाणी जिभेवर थांबतच नाही, पोटात जाऊनही तहान तशीच.

ज्ञानेशला फोन लावला. बायकोनं उचलला. बोअरला पाणी लागलं म्हणून मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, आम्हाला गुंठाभरही जमीन नाही. मग तिनं त्याच्या कानाला फोन लावला. तो बोललाच नाही. नुसता पीत होता. गट, गट, गट. किती वेळ! शेवटी तिनं फोन परत घेतला आणि विचारलं, तिथलं पाणी एक कॅन पाठवाल का? दुसऱ्या कुठल्याच पाण्यानं यांची तहान जात नाही.

सरुबाईंना जाब विचारला. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. "तुमीच हसला की. म्या बोअरचं न्हाय, माणसाचं सांगत हुते. हितलं पाणी माणसाला लागतं."
आणि तुम्हाला, असं विचारलं.
"व्हय की. म्हनून तर कुठं जात न्हाय."

२४ एप्रिल
संस्कृतीला इथं आणायचं नाही. माझं झालं ते झालं, पोरीच्या घशात थेंब जाता कामा नये.
लखनला फोन केला. आणू नको, असं स्पष्ट सांगितलं. मला नीट आठवतंय.
संध्याकाळी त्याचाच फोन. ताई, तू म्हणालीस तशी तिची तयारी करून ठेवलीय.
मी कधी म्हणाले? कधी—

२८ एप्रिल
निघून जायचं म्हणून हायवेपर्यंत चालत गेले. तहानेनं घसा चिरला. परत आले. हापसा दिसला तेव्हा रडले.
नखांखाली काळं दिसतंय. घासलं, जात नाही.
नवा जार आणलाय, सीलबंद. संस्कृतीचा. वर फडकं घट्ट बांधलंय. त्याला हात लावायचा नाही. मी नाही, कुणीच नाही.

२ मे
आली. मिठी मारली. किती वाढलीय माझी बाई!
लखन लगेच परत गेला. तिला घेऊन जा म्हणायचं होतं, तोंड उघडलं, आणि चहा घेणार का म्हणाले.
तिनं जारमधलंच पाणी प्यायलं. मी समोर उभी होते. हापशाकडे बघूसुद्धा दिलं नाही. देवा, निभावलं.

आजची नोंद करायला वही उघडली.
एकोणचाळीस नंबर. मी लिहिलेला नाही.
ठिकाण: सरुबाईंचं बोअर. वेळ: काल दुपारी तीन. कशात भरलं: संस्कृतीचा जार. कुणी भरलं— अक्षर माझं. सही माझी.
माझी नोंद चुकत नाही. कधीच—

तेवढ्यात संस्कृती रिकामा पेला घेऊन आली. आई, घरचं पाणी असं का नसतं गं?
नाही म्हटलं. ओरडून म्हटलं. जार उपडा केला.

बाहेर हापसा वाजतोय.
सरुबाई तर देवळात गेल्यात. मग कोण—
संस्कृ—